नागेशअण्णांची शाल्मला

नागेशअण्णा गुंजीकरांच्या अंगाला एरंडेलाचा वास यायचा. आमच्या पिढीतल्या कुणालाही तो वास आला की पोटात आपोआप कळ यायची, कारण लहानपणी नाक दाबून, रडून, शेवटी मार खाऊन ते एरंडेल प्यालेलं असे. मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी हुबळीच्या एका जुन्या, कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मला वाटलं, इथं औषधं करतात. तसं नव्हतं. अण्णा डुप्लिकेटर करत होते, आणि त्याची शाई काजळी आणि एरंडेल खलून घरचीच. बाहेरून यायची ती शाई दुसऱ्या महायुद्धामुळं बंद झाली होती. बाहेरून यायचं ते सगळंच बंद झालं होतं.

डुप्लिकेटर म्हणजे काय, हे आता नातवंडांना समजावून सांगावं लागतं. मेणकागद टाइपरायटरला लावायचा, रिबन बाजूला करून त्यावर टाइप करायचं, म्हणजे अक्षरांच्या जागचं मेण उडतं. मग तो मेणकागद शाईनं भरलेल्या, रेशमी कापड ताणून बसवलेल्या ड्रमवर चढवायचा आणि हँडल फिरवायचं. खालून एकामागून एक प्रती पडतात. शाळेचे पेपर, कचेरीची परिपत्रकं, सोसायटीच्या नोटिसा, सगळं त्यातून निघायचं. ती यंत्रं बोटीनं यायची. त्यांवर कुठल्या तरी दूरच्या गावाचं नाव असायचं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, की अधिकृत माणसाखेरीज कुणी उघडू नये.

हे वाक्य अण्णांना शिवीसारखं लागायचं. त्यांच्या आयुष्याची निम्मी गोष्ट त्या वाक्यातून निघालेली आहे. आधी ते रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. तिथल्या साहेबाचा टाइपरायटर बिघडला, तर म्हणे तो मुंबईला पाठवा. अण्णांनी विचारलं, "मी बघू का?" साहेब म्हणाला, "तुला इंजिनं कळतात, हे नाजूक काम आहे." अण्णांनी साहेब जेवायला गेल्यावर तो उघडला, दुरुस्त केला आणि पुन्हा होता तसा बंद करून ठेवला. साहेबाला वाटलं, विश्रांती मिळाल्यानं यंत्र आपोआप बरं झालं. अण्णा ही गोष्ट सांगताना कधी हसायचे नाहीत. म्हणायचे, "त्या दिवशी मला कळलं, आत काही देव बसलेला नाही. चाकं आहेत."

मग नोकरी सोडून त्यांनी वकिलांच्या टाइपरायटरांची दुरुस्ती सुरू केली. पुढं शिवलिंगप्पा म्हणून कापसाचे एक व्यापारी होते, त्यांनी आपली रिकामी शेड दिली आणि दोघांनी मिळून कारखाना काढला. नाव ठेवलं शाल्मला यंत्रशाळा. आमच्या धारवाडच्या नदीचं नाव. शिवलिंगप्पा म्हणाले होते, एवढीशी नदी, तिचं नाव कशाला, गंगा तरी म्हणा. अण्णा म्हणाले, "गंगा दुसऱ्यांची. ही आपली, आणि उगम तर इथंच आहे की."

शिवलिंगप्पा कन्नड बोलायचे आणि अण्णा मराठी. दोघांनाही एकमेकांची भाषा उत्तम यायची, आणि गोडीत असले की अदलाबदल करून बोलायचे. पण भांडताना ज्याची त्याची. शेडमधून दोन भाषांचा आवाज येऊ लागला की आम्ही समजायचो, आज कारखान्याचं धोरण ठरतंय.

आता मी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. पुढं ते हळूहळू विसरत गेले. टायपिंगच्या परीक्षेत पहिली आले होते. धारवाडच्या मळमड्डीतल्या आमच्या गल्लीत नोकरी करणारी पहिली मुलगी मी, त्यामुळं मान जरा वरच असायची, इतकी की स्टेशनवर एकदा केळ्याच्या सालीवरून घसरले. वडील मास्तर होते. त्यांनी परवानगी दिली. आत्यानं दिली नाही, पण तिला कुणी विचारलंही नव्हतं. रोज सकाळच्या गाडीनं धारवाडहून हुबळीला जायचे आणि डब्यात पर्स अशी मांडीवर धरून बसायचे, की आत सरकारी गुपितं आहेत. आत एक कंगवा आणि चिवड्याची पुडी असायची.

पहिल्या दिवशी मी सर्टिफिकेट पुढं केलं. अण्णांनी ते पाहिलंच नाही. टेबलावरच्या मोडक्या टाइपरायटरकडं बोट करून म्हणाले, "अक्का, हे चालवतेस ना? मग सांग, याच्या पोटात काय आहे?"

वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, पण अक्का म्हणायचे. मी म्हटलं, "मी टायपिस्ट आहे, मिस्त्री नाही."

"बरं की. मग आठ दिवस मिस्त्री हो. टायपिस्ट व्हायला सगळं आयुष्य पडलंय."

आठ दिवस मी ते यंत्र खोललं आणि जोडलं. साडी शाईनं बरबटली, नखं गेली, रोज परतीच्या गाडीत रडले. नवव्या दिवशी जोडून झालं, तर वाटीत चार स्क्रू उरले. मी ते हळूच पदराखाली घेतले. अण्णा न बघता म्हणाले, "किती उरले?"

"चार."

"दे इकडं. असे चार-चार उरले तर वर्षाकाठी एक नवीन यंत्र फुकटात होईल." मग हसले. "आता कुठले ते शोध. आणि अक्का, लपवायचं नाही. यंत्राला लाज नसते, म्हणून ते लवकर सुधारतं. माणसाला असते, म्हणून वेळ लागतो."

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. काहीही मोडलं, तुटलं, अडकलं, की त्यांचा चेहरा लग्नघरासारखा उजळायचा. "छान! आता कळलं!" म्हणायचे. पाहुण्याला वाटावं, काहीतरी फार शुभ घडलंय.

रुळांचं तसंच झालं. कागद दाबायला रबराचा रूळ लागतो. लढाईत रबर मिळेना. छापखानेवाले सरस आणि काकवी शिजवून रूळ ओततात, हे अण्णांना माहीत होतं. त्यांनी तसे ओतले. सुंदर झाले, अगदी जेलीसारखे मऊ. चार दिवसांनी शेडमध्ये आलो तर रूळ काळे. जवळ जाऊन बघतो तर मुंग्या. हजारो. काकवी खात बसलेल्या. शिवलिंगप्पांनी कपाळावर हात मारला. अण्णांनी टाळी वाजवली. "छान! म्हणजे काकवी ताजी होती!"

मग आमच्या आज्या लाडवांच्या कपाटाखाली ठेवायच्या तशा पाण्याच्या वाट्या त्यांनी प्रत्येक यंत्राच्या टेबलाच्या पायाखाली ठेवल्या. गिऱ्हाइकाला यंत्राबरोबर चार मातीच्या वाट्या द्यायला सुरुवात केली. मी त्याला 'लाडू-पद्धत' असं नाव दिलं होतं आणि फार हसायचे. उन्हाळ्यात ते रूळ वितळू लागले तेव्हा मात्र माझं हसू थांबलं, कारण माझ्या टेबलावरच्या यंत्राचा रूळ माझ्याच टाचेवर ओघळला. पुढं सायकलच्या जुन्या ट्यूबांचे थर चढवून त्यांनी टिकाऊ रूळ बनवला. पण ते म्हणायचे, मुंग्यांनी जेवढं शिकवलं तेवढं मला रेल्वेनं शिकवलं नाही.

एकदा पोलीस आले. तेव्हा डुप्लिकेटरवर सरकारची नजर असायची. कोण काय छापून वाटतंय याची धास्ती. हेडकॉन्स्टेबल दारातच गरजले, "इथं काय छापता?" अण्णांनी त्यांना खुर्ची दिली नाही, हँडल दिलं. "तुम्हीच छापून बघा की. अक्का, साहेबांचं नाव टाइप कर." मी त्यांचं नाव, हुद्दा, गाव, सगळं टाइप केलं. हेडकॉन्स्टेबलांनी हँडल फिरवलं. एक कागद पडला, दोन पडले. आपलं नाव इतक्या वेळा पाहून त्यांचा आवाज बदलला. "अजून निघतील का?" म्हणाले. चाळीस प्रती घेऊन गेले. चौकशीचं काय झालं कळलं नाही, पण त्यांच्या नातेवाइकांत ते कागद वाटले गेले असं ऐकलं.

यंत्र करताना अण्णांचा एक हट्ट होता. सबंध शाल्मला एक पाना आणि एक स्क्रू-ड्रायव्हर एवढ्यावर उघडली पाहिजे. त्यासाठी त्यांनी किती नमुने मोडले याला गणती नाही. शिवलिंगप्पा वैतागायचे, "अरे, लोकांना उघडायचं नसतं, छापायचं असतं!" अण्णा म्हणायचे, "ज्याला उघडता येत नाही, ते आपलं नसतं. ते फक्त आपल्या घरात असतं."

आणि प्रत्येक यंत्राच्या पुढच्या बाजूला पितळेची एक पाटी. त्यावर ठसठशीत अक्षरांत, कन्नडात आणि मराठीत, 'हुबळी'. यंत्राच्या नावापेक्षा गावाचं नाव मोठं.

त्या पाटीवरूनच सगळं अडलं.

मुंबईची एक मोठी एजन्सी होती. तिचे गृहस्थ आले, पांढराशुभ्र सूट, शेडमध्ये कुठं टेकावं कळेना म्हणून सारा वेळ उभे राहिले. यंत्र पाहिलं, चालवलं, खूश झाले. म्हणाले, "जेवढी कराल तेवढी आम्ही घेतो. बाहेरचा माल येत नाही, मागणी मोठी आहे. एकच गोष्ट. पाटी आमची लागेल. आमचं इंग्रजी नाव. हुबळी नको."

"का नको?" अण्णांनी विचारलं.

"गुंजीकर, रागावू नका. हुबळीला कापूस मिळतो, मिरची मिळते. यंत्र मिळतं म्हटलं तर गिऱ्हाईक हसेल."

ते गेल्यावर शेडमध्ये दोन भाषा सुरू झाल्या. शिवलिंगप्पांचं म्हणणं खोटं नव्हतं. यंत्रं तयार होऊन पडली होती. शाळावाले, वकील चार-दोन घेत, पण कचेऱ्या हात लावायला तयार नव्हत्या. गावठी यंत्र कोण घेणार? असं किती दिवस चालणार? अण्णांचं म्हणणं एकच होतं: नाव काढून विकायचं असेल, तर मग मी रेल्वेत काय वाईट होतो?

शेवटी शिवलिंगप्पांनी तोड काढली. धारवाडच्या एका मोठ्या सरकारी कचेरीत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्र दाखवायला बोलावलं होतं. त्या कचेरीनं घेतलं, तर बाकीचे आपोआप घेतील. पाटी हुबळीची राहील. नाही घेतलं, तर पाटी मुंबईची. अण्णांनी हातातल्या फडक्यानं एक पाटी पुसली. मग म्हणाले, "आगली." होऊ दे.

अष्टमीला त्यांनी एक यंत्र निवडलं, त्यावर दोनशे प्रती काढल्या, एकेक तपासली आणि म्हणाले, "झालं. आता हिला कुणी हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाने, कानशी, लेथ सगळं धुऊन पुसून मांडलं. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीतच. अण्णांचा पूजेचाही नियम होता: हळदकुंकू फक्त खालच्या लोखंडी पायाला. ड्रमच्या रेशमाला बोटसुद्धा लावायचं नाही. यंत्राबरोबर देण्याच्या सूचनापत्रात हे वाक्य होतं, आणि ते कुणी टाइप केलं होतं? मी. ते मला पाठ होतं. पण सूचना लोकांसाठी असतात, टाइप करणाऱ्यासाठी नसतात, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

कारखान्यात बाई मी एकटी, म्हणून पूजेचं तबक माझ्या हातात. सगळ्यांचं झालं, मंडळी प्रसादाला वळली आणि मी त्या निवडलेल्या यंत्रापुढं उभी राहिले. मला भरून आलं. लेक धारवाडला निघाली, माझ्या गावाला, आणि कुंकू कुठं, तर पायाला! कपाळ मोकळं ठेवून लेक कोण पाठवतं? मी ड्रमच्या ऐन मध्यावर ओली हळद लावली, वर कुंकू. रेशीम शाईनं काळंकुट्ट, कुंकू दिसेना. म्हणून आणखी लावलं. तरी दिसेना. आणखी लावलं. मग वरून झाकण लावलं, नमस्कार केला आणि प्रसादाचे दोन लाडू खाल्ले. त्या दोन लाडवांची चव अजून आठवते. नंतर कित्येक दिवस कशालाच चव नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्र वाकळीत गुंडाळून गाडीनं धारवाडला आणलं, स्टेशनवरून टांग्यानं कचेरीत. साहेब होते, हेडक्लार्क होते, कारकून दारात गर्दी करून. मुंबईचे सूटवाले गृहस्थही मुद्दाम आले होते. शिवलिंगप्पा बाकावर डोळे मिटून बसले. मी धान्यवाटपाच्या तक्त्याचा मेणकागद आणला होता, एक चूक नाही. तो ड्रमवर चढवला गेला. अण्णांनी हँडल फिरवलं.

पहिला कागद पडला. वरच्या ओळी स्वच्छ, खालच्या स्वच्छ. मध्ये काही नाही. दुसरा. तसाच. दहाव्या कागदावर त्या मोकळ्या जागेत लालसर काहीतरी उमटलं. विसाव्यावर ते चांगलं गोल, ठसठशीत झालं.

हेडक्लार्कांनी कागद उचलला. उंच, कोरडे गृहस्थ, कोटाच्या बाह्या परीटघडीच्या. म्हणाले, "गुंजीकर, आम्ही तक्ता मागितला होता. ही लग्नपत्रिका कुणाची?"

सगळी कचेरी हसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मुंबईचे गृहस्थ शिवलिंगप्पांच्या शेजारी जाऊन बसले.

अण्णांनी कागद नाकाशी नेला. "हळद," म्हणाले. माझ्याकडं पाहिलं नाही. साहेबांना कन्नडात म्हणाले, "तप्पु नम्मदु, साहेब. चूक आमची. अर्धा तास द्या. इथंच उघडतो."

"इथं?" मुंबईकर उठलेच. "गिऱ्हाइकासमोर यंत्र उघडतात का कुणी?"

"झाकून उघडावं असं त्यात काही नाही," अण्णा म्हणाले आणि व्हरांड्यात उन्हाला घोंगडी पसरून बसले.

मी त्यांच्यापाशी गेले. "अण्णा, मी लावलं. ड्रमला."

"ते मला वासावरनंच कळलं. एवढ्या सढळ हाताचं आपल्याकडं दुसरं कोण आहे?" त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "नट धर. आणि या वेळी चार उरवू नकोस."

पाना चालू लागला. एकेक भाग सुटून घोंगडीवर ओळीनं मांडला गेला. रेशीम सुटलं. कचेरीच्या कंदिलातलं रॉकेल मागून घेतलं, त्यात ते धुतलं. शिपायानं फायलीनं वारा घालून वाळवलं. ड्रम परत बसवायला दोन माणसं लागतात. माझ्या हातांत नटांची वाटी होती. अण्णांनी वर पाहिलं आणि अगदी सहज, घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "रावसाहेब, जरा एवढं धरता?"

हेडक्लार्क आजूबाजूला बघू लागले, दुसरे कुणी रावसाहेब आहेत का. नव्हते. ते वाकले. ड्रम धरला. शाईचा एक पट्टा त्यांच्या परीटघडीच्या बाहीवर उमटला. मी डोळे मिटले. पण ते म्हणाले, "हा खाचेत बसत नाही, गुंजीकर."

"डावीकडं जरा. तुमच्या हाताला कळेल."

"बसला! बसला की!" हेडक्लार्क ओरडले. त्या कचेरीत त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

साहेब खुर्ची सोडून व्हरांड्यात आले होते. आतल्या कोपऱ्यात कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. त्यांनी विचारलं, "आपलं ते जुनं मशीन कधीपासून बंद आहे?"

"दोन पावसाळे झाले, साहेब. एक दातेरी चाक तुटलंय. पत्र पाठवलंय."

"उत्तर?"

"चाक बोटीवर आहे म्हणतात."

"उघडून बघू का?" अण्णांनी विचारलं.

"उघडू नये असं लिहिलंय त्याच्यावर," हेडक्लार्क म्हणाले, आणि मग आपल्या शाईच्या बाहीकडं बघत राहिले.

मी दुसरा मेणकागद कचेरीच्याच टाइपरायटरवर टाइप केला. या वेळी हँडल अण्णांनी धरलं नाही, हेडक्लार्कांना दिलं. प्रती पडू लागल्या. पहिलीपासून शेवटपर्यंत, वरपासून खालपर्यंत, काळ्या कुळकुळीत अक्षरांच्या. हेडक्लार्क थांबायचं नाव घेईनात.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण उद्या तुम्ही इथं नसताना बिघडलं तर?"

"तुमचे रावसाहेब आहेत की. आत्ता निम्मं त्यांनीच बसवलं."

"निम्मं कसलं?" हेडक्लार्क ताठ झाले. "ड्रम सबंध मी बसवला."

साहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले. म्हणाले, इथं एक ठेवून जा, आणि तालुक्यांच्या कचेऱ्यांना पाठवा. रावसाहेब, पत्र तयार करा. रावसाहेबांनी ते पत्र आमच्याच यंत्रावर काढलं. एकाच पत्राच्या पंचवीस प्रती.

मुंबईच्या गृहस्थांनी शिवलिंगप्पांना हळूच विचारलं, "मग पाटीचं काय ठरलं?" शिवलिंगप्पांनी डोळे उघडले. अण्णांनी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, आणि तेही मराठीत: "पाटी हुबळीची. तुम्हाला पाहिजे असेल तर तुम्ही हुबळीचे व्हा."

परतीच्या गाडीत मी अण्णांसमोर बसले होते. आई-वडील धारवाडात, पण मी हुबळीला निघाले होते, टेबल आवरायला. मनात राजीनाम्याचं इंग्रजी पत्र जुळवलं होतं. त्यात 'विनम्र' हा शब्द तीनदा आला होता. मी सुरुवात केली. अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

"अक्का, एक सांग. ती सूचना तूच टाइप केली होतीस ना?"

"हो."

"शिकलेली तू, यंत्र खोलून जोडणारी तू, सूचना टाइप करणारी तू. आणि तरी लावलंस."

मला रडू फुटलं.

"रडू नको की! मी काय विचारतोय ते बघ. तू लावलंस, तर न शिकलेला शिपाई काय करेल? दरवर्षी, प्रत्येक कचेरीत, खंडेनवमीला कुणीतरी लावणारच. मग चूक सूचनेची नाही, तुझीही नाही. यंत्राला कपाळच ठेवलं नाही आपण!" आणि त्यांचा चेहरा उजळला. "छान! आता कळलं!"

पुढच्या खेपेपासून प्रत्येक शाल्मलेच्या पुढच्या चौकटीवर, ड्रमपासून लांब, पितळेची रुपयाएवढी एक चकती आली. यंत्राला तिचा काही उपयोग नव्हता. कुंकवाला जागा, बस्स. मुंबईच्या त्या एजन्सीचं एक पत्र आलं होतं, की ही चकती कशासाठी आहे ते सूचनापत्रात नमूद नाही. मी उत्तर टाइप केलं: ज्यांना लागते त्यांना कळते. अण्णांनी सही केली. नोकरीच्या तीन वर्षांत मी केलेलं हे एकच वाक्य, जे त्यांनी बदललं नाही.

लग्न होऊन मी अळणावरला गेले. यजमान जंगलखात्याच्या लाकूड डेपोत होते. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल. कडेवर मुलगी घेऊन मी जवळच्या खेड्यात, यजमानांच्या बहिणीकडं गेले होते. तिथल्या शाळेपुढून जाताना ओळखीचा आवाज ऐकू आला, रूळ फिरल्याचा. व्हरांड्यात तरुण गुरुजी परीक्षेचे पेपर काढत होते. आणि बाकावर, धोतर-कोटात, टोपी गुडघ्यावर ठेवून नागेशअण्णा बसले होते. केस पांढरे झाले होते. आपली यंत्रं जिथं जिथं गेली, तिथं ते वर्षाकाठी एकदा न सांगता जातात, असं मी ऐकलं होतं. आपण कोण ते सांगत नाहीत, हे ऐकलं नव्हतं.

गुरुजी त्यांना समजावून सांगत होते. "हे बघा आजोबा, ह्याला डुप्लिकेटर म्हणतात. बाहेरचं नाही बरं का. मुंबईचंही नाही. नम्म हुब्बळ्ळीदु. आपल्या हुबळीचं."

"हौदा? खरंच?" अण्णा म्हणाले. "हुबळीत असलं करतात?"

"मग! तालुक्याला सगळीकडं हेच आहे. आम्ही दुसरं घेतच नाही."

"काही त्रास देतं का?"

"पावसाळ्यात कागद चिकटतात. पण मी युक्ती काढलीय. कागद आधी चुलीपाशी अर्धा तास ठेवतो. हे त्या करणाऱ्यांनासुद्धा सुचलं नसेल."

"नसेल," अण्णा म्हणाले. खिशातून वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं.

मी पुढं झाले, तोंड उघडलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, ओळखलं, आणि मान अगदी थोडी हलवली. नको. कडेवरच्या मुलीच्या गालाला बोट लावलं, टोपी घातली, गुरुजींना नमस्कार केला आणि स्टेशनाच्या वाटेला लागले. समोरून सागवानाच्या ओंडक्यांची गाडी येत होती. तिला वाट द्यायला ते कडेच्या गवतात उतरले, धूळ बसेपर्यंत थांबले, मग पुन्हा वाटेवर आले. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच, शेवटचं.

"भला माणूस दिसला," गुरुजी हँडल फिरवत म्हणाले. "पण यंत्रातलं काही कळत नसावं बिचाऱ्याला. किती मन लावून ऐकत होता."